प्रिंटर कोणाच्या टेबलावर

राळेगावकडच्या एका गावात प्रज्ञाताई सरपंच झाल्या, पण कारभार पाहायचे त्यांचे यजमान, भीमराज. ग्रामपंचायतीचा प्रिंटरही त्यांच्याच टेबलावर, त्यांच्या विंडोज कॉम्प्युटरला जोडलेला. ताईंच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. त्यावरून पाण्याच्या टाकीचा ठराव छापायला गेलं, की समोर पासवर्डची चौकट.

"पासवर्ड त्या कॉम्प्युटरचा लागते, ताई. अन् थो भाऊंच्याच जवळ हाय," ऑपरेटर गझाला म्हणाली.

"तुले कायले पाह्यजे पासवर्ड?" भीमराज ताईंकडे पाहून हसले. "पेन ड्राइव्ह इकडे आण. मी वाचीन, मंग छापीन."

ताई उठल्या. वायर उपटली, दोन्ही हातांनी प्रिंटर उचलला आणि आपल्या टेबलावर आणून ठेवला. "गझाला, आता हा माह्या कॉम्प्युटरले जोड. पासवर्ड मी ठरवीन."

दुपारी भीमराज काही छापायला गेले, तर चौकट त्यांच्या स्क्रीनवर.

"अवं, पासवर्ड काय ठेवला?"

"दर खेपेस लिहा लागन, ध्यानात ठेवा," ताईंनी मान वर न करता सांगितलं.

मग त्याच म्हणाल्या, "पासवर्ड हाय, 'मी सरपंच नाही'."