भरतीचा नारळ

बेटावरच्या दवाखान्यात हेमांगी नर्सनं मेलेल्या बाळाच्या नाळेतलं थेंबभर रक्त यंत्रात सोडलं. पडद्यावर कारण उमटलं, खाली नेहमीची ओळ: चार तास आधी इस्पितळात पोचलं असतं, तर जगलं असतं.

कळा लागलेल्या बाईला पलीकडच्या इस्पितळात नेण्याआधी भरतीच्या पाण्याला नारळ द्यायचा, ही बेटाची रीत. चंद्री भरतीसाठी थांबली, आणि बाळ बोटीतच जन्मलं. रडलं नाही.

हेमांगीनं पडद्यावर तळवा ठेवला. "पोटातच गेलं होतं गं. थांबल्यानं काही बिघडलं नाही."

चंद्री रिकाम्या दुपट्याची घडी घालत होती.

"गेल्या वर्षी माझ्या जावेलाही तुम्ही हेच सांगितलंत, बाई," ती म्हणाली. "म्हणून तर आम्ही निर्धास्त थांबलो."