एप्रिलमधलं ताकामात्सु

"रस्सा माशाचा नको. आधी ते विचार," सुमंत म्हणाला.

प्रीताने मुकाट्याने ईमेल टाइप केला. ताकामात्सु हा जपानमधला एक छोटासा विमानतळ. एप्रिलमध्ये तिथे जायचं, गच्चीवर उभं राहून विमानं बघायची आणि जवळच्या दुकानात उडॉन खायचे, असा सुमंतचा प्लॅन होता. जपानी लोक त्या नूडल्सच्या रश्श्यातसुद्धा मासा उकळतात म्हणे, म्हणून त्या दुकानदाराला ईमेल. आत्ता नोव्हेंबर चालू होता. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या घरात, हॉलमध्ये आणून ठेवलेल्या हॉस्पिटलच्या कॉटवर सुमंत उशांना टेकून बसला होता, आणि त्याला एप्रिलची घाई झाली होती.

सुमंत मूळचा वेंगुर्ल्याचा. सुरमई नसली तर रविवार फुकट गेला म्हणणारा माणूस. प्रीता पुण्याची, अंड्यालाही हात न लावणारी. तिच्या स्वयंपाकघरात त्याने स्वतःचं वेगळं पातेलं ठेवलं होतं आणि तिने नाकाला पदर लावला की तो खदाखदा हसायचा. तोच आता मासा नको म्हणत होता. केमोने तोंडाची चवच घालवली बिचाऱ्याची, असं प्रीताला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले. तिने स्क्रीनमध्ये तोंड खुपसलं.

विमानांवरून ती आयुष्यभर भांडली होती. शनिवार उजाडला की हा कॅमेरा घेऊन जवळच्या डलस विमानतळाच्या कुंपणापाशी हजर. तीही जायची, पण गाडीतून उतरायची नाही. काच वर करून फोनवर बहिणीशी बोलत बसायची. "डोक्यावरून एवढी जातात ती पुरत नाहीत का रे तुला?" असं विचारायची. आता मात्र तो म्हणेल त्याला ती हो म्हणत होती. एकदासुद्धा वाद नाही. इतकी शहाणी ती कधीच नव्हती.

कारण तिला माहीत होतं. डॉक्टरांनी सुमंतलाच विचारलं होतं, किती सांगू? तो म्हणाला, "जे काय असेल ते हिला सांगा." मग बाहेर, कॉफीच्या मशीनपाशी, डॉक्टरांनी तिला सांगितलं. ख्रिसमस बहुतेक बघतील. पुढचं अवघड आहे.

लेक आन्या सिअ‍ॅटलहून रोज फोन करायची. "ममा, जस्ट टेल हिम. बाबा डिझर्व्ह्ज टु नो."

"काय सांगू? विमानं बघायची राहू दे म्हणून सांगू?" प्रीता तिच्यावरच डाफरायची. "त्या आशेवर दोन घास खातोय तो. माझ्या तोंडून नाही मोडायची ती."

आणि सुमंतचं डोकं तर नुसतं धावत होतं. गच्चीवर जायला लिफ्ट आहे का, विचारून घे. सावलीत बाक आहे का, फोटोत बघ. सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं, दुपारनंतर जायचं. त्याचे पाय काठ्या झाले होते. उठून बाथरूमपर्यंत जायला तिचा खांदा लागायचा. लिफ्ट हवीच ना मग, असं म्हणत ती प्रत्येक गोष्ट शोधून देत होती.

शेवटी तिकिटांवर गाडी आली. नंतर कॅन्सल करता येतात, हे तिने गुपचूप बघून ठेवलं होतं. डलस ते टोकियो, टोकियो ते ताकामात्सु. पॅसेंजर किती, असा प्रश्न आला. तिने दोन निवडले.

"एक," सुमंत म्हणाला.

"काय एक?"

"एकच काढ. आइलची सीट घे. बसून बसून तुझे गुडघे धरतात."

प्रीताने वर पाहिलं. तो शांत होता. चेष्टा करतानाचं त्याचं तोंड असं नसायचं.

"डोकं फिरलंय का तुझं? मी एकटी काय करू तिथे?"

"प्रीता, डॉक्टर काय म्हणाले ते मला माहितीये गं. त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, एवढंच." तो दम घ्यायला थांबला. "मी गेल्यावर तू ह्या हॉलमध्ये बसून राहशील. तीन महिने पडदासुद्धा उघडायची नाहीस. ओळखतो मी तुला. म्हणून एप्रिल. इतकी वर्षं गाडीत बसून राहिलीस. एकदा खाली उतर आणि बघून ये मी काय बघत होतो ते."

लिफ्ट तिच्या गुडघ्यांसाठी होती. सावली तिच्या अर्धशिशीसाठी होती. आणि सुमंतच्या तोंडाची चव कुठेही गेली नव्हती. मासा तिला चालत नव्हता.

ती रडली. आवाज करून, नाक ओढत, इतके दिवस दाबलेलं सगळं. "दुष्ट आहेस तू," म्हणाली. "मला वाटत होतं मी तुला फसवतेय."

"तुला कधी जमलंय ते?" सुमंत म्हणाला. त्याचेही डोळे वाहत होते. "काढ आता. एक."

प्रीताने ओढणीने तोंड पुसलं आणि लॅपटॉप पुढे ओढला. पॅसेंजर दोन. त्याने तिचा हात धरायला बघितलं, पण तिने तोवर बटण दाबलं होतं.

"खिडकीची तुझ्या नावाने काढलीये," ती म्हणाली. "शेजारी परकं माणूस नको मला."