कच्च्याला विटाळ नाही

छबुबाईनं डोक्यावरची दुरडी चिंचेच्या सावलीत उतरवली. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर फडकं. भाकरी गरम राहावी म्हणून ती नांदूरघाटाहून मळ्यापर्यंत कुठंही न थांबता आली होती.

सुंदरराव पाटलांच्या पुढ्यात पळसाचं पान होतं. त्यावर पाथरीची पानं, मुळा आणि मोड आलेली मटकी. त्यांनी बायकोकडं पाहिलं, पण दुरडीला हात लावला नाही.

"इस्तवावर शिजलेलं संक्रांतीपस्तोर खायचं न्हाई. लिंबागणेशच्या बुवांनी सांगितलंय, ठाव हाय ना तुला?"

"माणूस हाव का मेंढरू?"

"मेंढराचं पोट कदी दुखलेलं पाह्यलंस का?"

"दुखतंय की मालक. फुगतंबी," बांधावरून आवाज आला.

रतनबाई ओटी सावरत येत होती. तिच्या नवऱ्याच्या मेंढ्या खतासाठी मळ्यात बसवल्या होत्या. मेंढ्यांमागं फिरता फिरता ती पाटलांसाठी पाला खुडायची. तिनं ओटीतली करडईची कोवळी पानं पळसाच्या पानावर ओतली. सुंदररावांनी लगेच दोन तोंडात टाकली.

"धनगरणीच्या हातचं चालतंय वाटतं आता?" छबुबाई म्हणाली.

"शिजवलेलं थोडंच हाय? कच्च्याला कसला आलाय इटाळ?"

रीत खरी होती. छबुबाईच्या भाकरीला परका हात लागला असता तर ती फेकावी लागली असती. हा पाला मात्र त्या बाईच्या ओटीतून थेट नवऱ्याच्या तोंडात चालला होता. आणि त्या बाईत जळण्यासारखं काही नव्हतं. उन्हानं रापलेली, अर्धे केस पिकलेली.

छबुबाई तरातरा बांधावर गेली. हाताला येईल तो पाला ओरबाडून आणला आणि नवऱ्यापुढं टाकला.

"मग ह्यो खावा. माझ्या हातचा."

रतनबाईनं एक पान उचलून पाहिलं. "पाटलीणबाई, ह्यो तर मेंढ्याबी हुंगून सोडत्यात."

सुंदरराव हसले. मोठ्यानं हसले. छबुबाई बघतच राहिली. या माणसाचं कण्हणं तिच्या ओळखीचं होतं, हसणं नव्हतं. हैदराबादच्या हकिमाच्या पुड्या हरल्या, तेव्हाही चुलीत वीट तापवून त्याचं पोट शेकायला तीच होती. कळ आली की तो तिचा हात सोडायचा नाही.

"आता तुजं जागरण सपलं बघ," ते मायेनं म्हणाले. "झोपत जा निवांत."

छबुबाईनं फडकं नीट केलं. दुरडी उचलली आणि गावाची वाट धरली.

बांध ओलांडताना तिनं मागं पाहिलं. सुंदरराव उभे होते, कमरेत वाकलेले, दोन्ही हात पोटाशी.

दुरडी तिथंच पडली. लुगडं सावरत ती पळत आली.

"दुखाया लागलं का? लई दुखतंय का?" तिचे डोळे चमकत होते.

"न्हाई गं. धोतर सैल झालंय," सुंदरराव गाठ आवळत म्हणाले. "पोट उतरलंय नव्हं का."

त्यांची मान खाली होती. छबुबाईचं उतरलेलं तोंड फक्त रतनबाईनं पाहिलं. मग छबुबाईही पळसाच्या पानाशी खाली बसली आणि मुळ्याची माती पदरानं पुसू लागली.