सुगंधाचा वाफा

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाया आंब्याखाली बसल्या होत्या, तेव्हा भागरथाबाईनं सुगंधाच्या वाफ्यातली रोपाची एक पिशवी फाडली. वनखात्याच्या त्या रोपवाटिकेत अठरा वर्षं भागरथाबाईच्या रोपांइतकी उंच रोपं कुणाचीच आली नव्हती. यंदा मात्र काल-परवा कामाला लागलेल्या या पोरीची सागाची रोपं कमरेला लागली, आणि भागरथाबाईची, भरपूर युरिया घालूनही, गुडघ्यालाच अडली. साहेबांनी फोटो काढला तोही सुगंधाचा.

फाडलेल्या पिशवीत केसांसारखी दाट मुळं होती.

“मावशी, फाडली कायले?” सुगंधा मागंच उभी होती. “इचारलं असतं तं सांगितलं असतं ना.” तिनं जिवाणू खताचं उरलेलं पुडकं आणून भागरथाबाईच्या हातात ठेवलं. “हे मुळाशी घाला, अन् युरिया निम्मा करा. जास्त झाला तं हे काम करत नाही.”

सुगंधानं चार शिव्या दिल्या असत्या तर भागरथाबाईला सोसल्या असत्या. हे सोसवेना. तरी तिनं पुडकं घेतलं, सांगितलं तसं केलं, आणि दीड महिन्यात तिची रोपं सुगंधाच्या रोपांना गाठून उभी राहिली.

“काय घातलं, बाई?” साहेबांनी विचारलं.

“काई नाई साहेब. हाताचा गुण.”

शेजारच्या वाफ्यात सुगंधा झारीनं पाणी घालत होती. तिनं सगळं ऐकलं, आणि मान वर न करता नुसती हसली. तिनं एकदा तरी आपला राग करावा, म्हणून भागरथाबाई दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली.