निळा जाळ

वडील वारल्यावर एकट्या आईला चुलीचा धूर नको, म्हणून उमानं जालन्याहून अंबडला रॉकेलचा स्टोव्ह आणला. पंप मारून दाखवला. "जाळ निळा झाला की बराबर. पिवळा राहिला तर भांडी काळी होतात."

पुढच्या खेपेला ती माहेरी आली, तर सगळी भांडी काळीकुट्ट. तिच्यादेखत आईनं निळा झालेला जाळ हवा सोडून पुन्हा पिवळा केला.

"अगं आई, मुद्दाम करून राह्यली का?" उमा चिडलीच.

"निळा झाला की लई फुरफुरतो गं. चूल फुरफुरली की कुणीतरी घरी येतं म्हणतात." आईनं तव्यावरची भाकरी उलटली.



"तुझे अण्णा न्हाईत, हे ठाऊक असून बी ध्यान दाराकडंच ऱ्हातं, अन् भाकरी करपते."