सर्व्हरवरचा डिसेंबर

कुणाच्याच मोबाइलवर पान उघडत नव्हतं. 'ही जोडणी सुरक्षित नाही' एवढं लाल अक्षरांत यायचं, की पुढे रस्ता बंद. संध्याकाळी वादळ येणार होतं, आणि बेटाच्या बचाव-बोटीवर कोण चढणार हे त्या पानावरच ठरायचं.

"कुठल्या गाढवानं हात लावलाय याला?" केंद्राचा सर्व्हर सांभाळणारा ओदवर करवादला.

मागे ओशिल्डमावशी उभी होती. बचाव केंद्राची प्रमुख तीच. आदल्या वर्षी जानेवारीत तिचा एकुलता एक मुलगा योस्टेन मासेमारीच्या बोटीसकट बुडाला. तेव्हापासून ती बोलायची कमी आणि केंद्रात बसायची जास्त.

ओदवरनं शोधाशोध केली. सर्व्हरच्या सुरक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. खरं तर मुदत संपत आली की सर्व्हरनं आपणहून नवं मागवायचं. मग मागवलं का नाही? त्यानं सर्व्हरवरची तारीख पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. बाहेर मार्चचा गिचगिचीत बर्फ पडत होता आणि हे बेणं अजून डिसेंबरातच बसलं होतं! त्याच्या लेखी मुदत अजून भरपूर होती. घड्याळ आपोआप जुळायची सोय कुणीतरी मुद्दाम बंद करून तारीख पुन्हा पुन्हा मागे ओढली होती.

"घड्याळ तसंच ठेवून नाही का जमणार?" मावशीनं विचारलं.

"नाही गं. तू कॉफी टाक बघू."

मावशी हलली नाही. "समुद्रावर कोण कोण आहे आत्ता?"

"राग्नारची दोन्ही पोरं. अजून परतली नाहीत."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "कर मग."

ओदवरनं घड्याळ मार्चवर आणलं. सर्व्हरनं लगेच नवं प्रमाणपत्र मागवलं, पान उघडलं, आणि बोटीवर येतो म्हणणाऱ्यांची नावं भराभर पडू लागली. सुटलो एकदाचे, असं म्हणत तो उठणार, तेवढ्यात पडद्यावर आणखी एक ओळ आली: वर्ष झालेली ध्वनिमुद्रणं पुसली.

मदतीसाठी आलेल्या हाका वर्षभरच ठेवायच्या, असा कायदा. पुसायची ती सोय ओदवरनंच करून दिली होती. कुणाची हाक पुसली गेली हे त्याला कळलं आणि तो मावशीकडे वळला.

"मावशी... योस्टेनची?"

"रोज ऐकायचे मी," ती म्हणाली. "आवाज तेवढा राहिला होता."

"अगं, मग मला सांगायचंस ना! एका मिनिटात कॉपी करून दिली असती घरी!"

मावशीनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे चमकून पाहिलं.

"भलतंच काय! वर्षानंतर ठेवणं कायद्यात बसत नाही, ओदवर. म्हणून तर मी वर्ष होऊ देत नव्हते."