ड्रायव्हरची फ्लॉपी

"फ्लॉपी कुठं आहे?" मुकुंदनं तिसऱ्यांदा विचारलं.

"मला काय माहीत?" चारुलता देवपुजारींनी पत्रांच्या चवडीतून मान वर केली नाही. "यंत्रं तुमची, फ्लॉप्या तुमच्या. मी साहेबांची स्टेनो आहे, तुमची चौकीदार नाही."

तीन आठवडे हेच चाललं होतं. कळमन्याच्या त्या बियाणे कंपनीत चार जुने कॉम्प्युटर होते. तीन हॉलमध्ये, ऑपरेटरांचे. चौथा मॅनेजर मनोहररावांच्या केबिनमध्ये. त्यावर चारुलताबाई साहेबांची पत्रं टाइप करत. हे चारही एकमेकांना जोडायचे म्हणून मुंबईहून कार्डं आली. मुकुंदनं त्याच दुपारी यंत्रं उघडून ती बसवली, केबल ओढली. पण कार्ड नुसतं खोचून भागत नाही. त्याच्याशी बोलायचं कसं, हे यंत्राला शिकवणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो एका फ्लॉपीवर होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कार्डांच्या खोक्यात ती फ्लॉपी नव्हती.

ट्रंक कॉल करून दुसरी मागवली. ती टेबलावर ठेवून मुकुंद डबा खायला गेला. परत येतो तो चारुलताबाईंनी तिच्यावर टेलिफोन आणून ठेवलेला, आणि घंटा खणखणत होती. घंटेतल्या लोहचुंबकानं फ्लॉपी कोरी करून टाकली.

"मुद्दाम केलंत हे तुम्ही!"

"मग फोन काय डोक्यावर ठेवू?"

मुंबईवाल्यांनी हात वर केले. असल्या जुन्या यंत्रांची कार्डं बनवणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. तिसरी प्रत नव्हती.

मुकुंद चार वर्षं सहा-सहा महिन्यांच्या तात्पुरत्या ऑर्डरीवर ऑपरेटरचं काम करत होता. "नेटवर्क चालू करून दाखवा," मनोहरराव म्हणाले होते, "मग तुमच्या कायम होण्याचं बोलू." घरी सुमतीला सातवा महिना होता. रोज संध्याकाळी ती दारातच विचारायची, "झालं?" आणि तो चपला काढत काढत मान हलवायचा.

"बायको दिवसांतली, आणि तुम्ही इथं पेचकस घेऊन बसलेले," एकदा चारुलताबाई त्याच्या टेबलापाशी थांबून म्हणाल्या. "एवढी कसली घाई सुटली आहे तुम्हाला? चाललंय ते चालू द्या ना."

"दुसऱ्याचं भलं झालेलं बघवत नाही तुम्हाला."

"नाहीच बघवत," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

शेजारचा ऑपरेटर रुपराव हे सगळं ऐकत होता. "काहून गा मुकुंद, ते बाई तुह्याच मागं काहून लागून राह्यली? तू काय तिचा बांध कोरला?"

"आता मीच लागतो तिच्या मागं," मुकुंद म्हणाला.

शनिवारी सकाळी तो सरळ केबिनमध्ये गेला आणि त्यानं मनोहररावांसमोर चारुलताबाईंचं नाव घेतलं. मनोहरराव बाहेर आले. त्यांनी बाईंच्या ड्रॉवरची किल्ली मागितली.

"बाईमाणसाच्या ड्रॉवरमंदी हात नको घालू गा," रुपराव हळूच म्हणाला. गोपिका ही तिसरी ऑपरेटर. ती टाइप करता करता थांबली.

मुकुंदनं हात घातला. लघुलेखनाच्या वह्यांखाली फ्लॉपी होती. मुंबईचं लेबल अजून चिकटलेलं.

"टेबल रिकामं करा," मनोहरराव म्हणाले. "सोमवारपासून येऊ नका."

चारुलताबाई उठल्या. डबा, छत्री, चष्म्याचं घर पिशवीत भरलं. बारा वर्षांच्या नोकरीचं सामान एका पिशवीत मावलं. मग त्या मुकुंदच्या टेबलाशी आल्या.

"मुकुंदराव, दोन मिनिटं बाहेर या."

"बोलायचं ते इथं बोला. सगळ्यांसमोर."

त्यांनी केबिनच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मनोहरराव दारातच उभे होते.

"ती फ्लॉपी आज नका लावू," त्या म्हणाल्या.

"अजूनही पुरे झालं नाही का तुमचं?" मुकुंद ओरडला. "निघा इथून!"

त्या निघाल्या.

प्रत्येक यंत्र ज्या फ्लॉपीवरून सुरू होई, तिच्यावर मुकुंदनं ड्रायव्हर उतरवला, एका फाइलीत एक ओळ वाढवली आणि यंत्रं पुन्हा चालू केली. प्रिंटर जोडलेल्या यंत्राचा पडदा जागीच गोठला. कार्ड आणि प्रिंटर एकाच क्रमांकासाठी भांडत होते. कार्डाचा क्रमांक बदलायला त्यानं त्यावरची इवलीशी टोपी चिमट्यानं उचलली, शेजारच्या दोन टाचण्यांवर बसवली. पुन्हा चालू. या वेळी पडद्यावर चारही यंत्रांची नावं एकाखाली एक उमटली.

रुपरावनं पाठीत धपाटा घातला. "जमलं लेका! आता पेढे पाहिजे."

"साहेब, तुमच्या यंत्रावरून हॉलमधल्या प्रिंटरवर छापून बघा," मुकुंदनं आवाज दिला.

"छापतो," केबिनमधून उत्तर आलं. "पहिला कागद तुम्हीच फाडा, मुकुंदराव. मान तुमचा."

प्रिंटर करकरला. ओळ उमटत गेली, कागद इंचाइंचानं वर सरकला. मुकुंदनं तो जपून, कडेच्या भोकांची पट्टी फाटणार नाही असा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीपासून तो मनातच वाचू लागला.

नेटवर्क ज्या दिवशी सुरू होईल, त्या दिवसापासून कंपनीला ऑपरेटरांची गरज राहणार नाही, असं इंग्रजीत लिहिलं होतं. खाली तीन नावं होती: मुकुंद, रुपराव, गोपिका. तारीख मात्र आजची नव्हती. मुंबईहून कार्डं आली, त्या दिवसाची होती. आणि कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, पत्र टाइप करणारा आपली आद्याक्षरं घालतो तिथं, बारीक ठशात चारुलताबाईंची आद्याक्षरं होती.